मताचा विस्तार : जॅक्सनची अमेरिका आणि आपला बेळगाव जिल्हा

निवडणुकीच्या दिवशी बोटाला शाई लावून घेताना एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आपल्या पणजोबांपैकी फार थोड्यांना मत देता आले असते. पणजीला तर बहुधा नाहीच.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर 1920 साली कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. ठरावीक शेतसारा, घरभाडे किंवा प्राप्तिकर भरणाऱ्यालाच मत होते. ब्रिटिश हिंदुस्थानात असे मतदार लोकसंख्येच्या जेमतेम 3 टक्के होते. निपाणीच्या तंबाखू वखारीचा मालक त्यात बसे. त्याच वखारीत राबणारी बाई बसत नसे.

अमेरिकेनेही याच वाटेने सुरुवात केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील एकेका राज्याने मालमत्तेची अट सैल केली. अध्यक्षपदासाठी 1824 साली सुमारे साडेतीन लाख मते पडली होती, ती 1828 साली साडेअकरा लाखांवर गेली आणि अँड्र्यू जॅक्सन निवडून आले. मिरवणुका, सभा, पक्षाची वर्तमानपत्रे हे सारे तेव्हा बोकाळले. पण हा ‘सामान्य माणूस’ म्हणजे गोरा पुरुष. न्यू जर्सीने मालमत्ताधारक स्त्रियांचे मत 1807 साली काढून घेतले, पेनसिल्व्हेनियाने मुक्त कृष्णवर्णीयांचे 1838 साली. आणि याच लोकप्रिय जॅक्सन यांच्या सहीने 1830 साली मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हलवण्याचा कायदा झाला. मतदार वाढले म्हणजे न्याय वाढतोच असे नाही, हा यातला धडा.

आता आपल्याकडे वळू. 1924 साली बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. सभासद कोणी व्हावे, हा प्रश्न तिथेही होता. चार आण्यांच्या वर्गणीऐवजी दरमहा 2000 वार सूत, अशी अट तिथे ठरली. हेतू असा की पैशापेक्षा श्रम मोजावेत. मात्र पुढच्याच वर्षी चार आण्यांचा पर्याय पुन्हा खुला करावा लागला. त्याच 1925 च्या एप्रिलात निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. त्यांनी 1919 सालीच साउथबरो समितीपुढे मताधिकार व्यापक करण्याची मागणी केली होती, आणि सायमन कमिशनपुढे तर सरसकट प्रौढ मताधिकाराची.

1935 च्या कायद्याने मतदार सुमारे 3 कोटींवर गेले. 1937 च्या निवडणुकीनंतर आलेल्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात बेळगावात वकिली केलेले अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री झाले. ब्राह्मणेतर चळवळीतून पुढे आलेला माणूस इलाख्याची तिजोरी सांभाळू लागला. मतदार वाढले की दारे उघडतात, हेही तितकेच खरे.

आणि मग 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. सुमारे 17 कोटी मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. अमेरिकेला जे टप्प्याटप्प्याने, रक्त सांडून करावे लागले, ते आपण एका कलमाने, 326 व्या कलमाने केले. वखारीतल्या बाईची चिठ्ठी आणि मालकाची चिठ्ठी पेटीत सारखीच पडली.

मग प्रश्न सुटला का? बेळगावच्या मतदाराने 1952 साली मुंबई राज्यासाठी मत दिले, 1957 साली म्हैसूर राज्यासाठी. मताचा हक्क तोच राहिला, पण ज्या मोठ्या संख्येत ते मत मिसळायचे ती बदलली. राज्यभरच्या बेरजेत सीमाभागातली मराठी मते थोडी. तेव्हा लोकांनी मताऐवजी उमेदवारीलाच वाचा केली. 1985 साली बेळगाव विधानसभेला 301 उमेदवार, 1996 साली लोकसभेला 456. निवडून येण्यासाठी नव्हे, मतपत्रिका लांबली तर तरी कोणी विचारील म्हणून! उत्तर काय मिळाले? त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 रुपये झाली आणि अपक्षाला दहा सूचक लागू लागले. व्यवस्था चालायची तर काही मर्यादा हवीच, हे मला मान्य आहे. पण ‘एवढे लोक का उभे राहिले?’ हा प्रश्न तसाच राहिला.

माझ्या दवाखान्यात रुग्णाचे म्हणणे पुरते ऐकल्याशिवाय मी पुडी बांधत नाही. लक्षण दाबले म्हणजे दुखणे गेले, असे आमचे शास्त्र मानत नाही. लोकशाहीलाही हे लागू आहे. मोजणे हा तिचा अर्धा भाग, ऐकणे हा उरलेला अर्धा.

म्हणून संख्येने थोडे असलेल्यांसाठी घटनेने वेगळी कलमे ठेवली. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगणारे 350-अ हे त्यांतले एक. ते एका बाजूपुरते नाही. बेळगावात मराठी मुलाला जी शाळा हवी, ती जतमध्ये कन्नड मुलालाही हवी. हे दोन्ही आपण एका दमात म्हणू शकलो, तर आपल्या मागणीचे वजन संख्येवर अवलंबून राहणार नाही.