सिममध्ये पडून राहिलेल्या बॅलन्सचं करायचं काय?



तुमच्या दुसऱ्या सिममध्ये साठ-सत्तर रुपये मेन बॅलन्स पडून आहे का? कॉल तर पॅकवरच होतात, मग या पैशांचं करायचं काय? आमच्या कळसमध्ये काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो. नीट समजून घ्या, म्हणजे गिऱ्हाइकालाही सांगता येईल.

आधी हिशेब

१०० रुपयांचा टॉपअप मारला की १८ टक्के जीएसटी आणि ३ रुपये प्रोसेसिंग फी जाऊन हातात ८१.७५ रुपये टॉकटाइम येतो. तो बँकेत वळवता येत नाही. नंबर पोर्ट केला तर उरलेला बॅलन्स बुडतो. त्यामुळे कुणी "बॅलन्सची कॅश करून देतो, फक्त ओटीपी सांगा" म्हणालं, तर सरळ फोन ठेवून द्या.

मग उपयोग कुठे?

१. नंबर वाचवायला. ट्रायचा २०१३ पासूनचा नियम आहे. सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही, तरी त्यात २० रुपये किंवा जास्त बॅलन्स असेल तर कंपनी नंबर लगेच बंद करत नाही. २० रुपयांपर्यंत कापून ३० दिवस वाढवून देते. बॅलन्स पुरेल तोवर हे चालू राहतं. म्हणजे ८१.७५ रुपयांत चार वेळा, १२० दिवस. आधीचे ९० धरले तर एकूण २१० दिवस! ऊसतोडीला आलेल्या माणसाचं गावाकडे ठेवलेलं सिम हंगामभर टिकू शकतं.

पण लक्षात घ्या, नंबर टिकणं वेगळं आणि सेवा चालू असणं वेगळं. पॅक संपला असेल तर कॉल आणि ओटीपी येतीलच असं नाही. आपल्या सिमचं काय आहे, ते १९८ वर फोन करून विचारा.

२. एसएमएसला. यूपीआय ॲप नव्यानं चालू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो. पॅकमध्ये एसएमएस नसतील तर नोंदणी तिथेच अडकते. सिमची व्हॅलिडिटी चालू असेल तर अशा वेळी मेन बॅलन्सचे एक-दोन रुपये कामाला येतात.

३. पोर्ट करण्याआधी. बॅलन्स वापरून संपवा, मगच पोर्टचा मेसेज टाका.

दुकानदारांनो, हे तुमच्यासाठी

बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. त्याला आधार, बँक, गॅस जोडलेलं असेल तर माणसाला हेलपाटेच हेलपाटे. म्हणून म्हातारं माणूस रिचार्जला आलं की दोनच प्रश्न विचारा: "आजी, घरात दुसरं सिम आहे का? बँकेला कोणता नंबर दिलाय?" आणि गरज नसेल तर मोठा टॉपअप गळ्यात मारू नका. आपल्याला कमिशन दोन-चार रुपये मिळेल, पण खरं सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं.

आजच घरातली सगळी सिम काढा आणि प्रत्येकाचा बॅलन्स वहीत लिहा.