विश्लेषण : पितळखोरे लेणी का ढासळली? ती पूर्ववत होऊ शकतात का?

वेरूळपासून साधारण ४० किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या डोंगरात पितळखोरे ही बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांची खोदाई सुरू झाली. राज्यातील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक असलेल्या या समूहाचा बराचसा दर्शनी भाग मात्र आज कोसळलेला आहे.

येथे पाहण्यासारखे काय?

दरीच्या दोन्ही बाजूंना मिळून १४ लेणी आहेत. तिसरे लेणे चैत्यगृह, तर चौथे विहार. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरली आहे. पैठणच्या गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातील मितदेव आणि राजवैद्य मगिल यांच्या दानाचे ब्राह्मी लेख येथे आहेत. येथील प्रसिद्ध यक्षमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास या सोनाराने घडवल्याचे मूर्तीवरच लिहिले आहे.

पडझड कशामुळे?

कारण पाणी. येथील बेसाल्ट खडक ठिसूळ आणि भेगाळ आहे. डोंगरमाथ्यावरचे पावसाचे पाणी भेगांतून झिरपते, मऊ थर झिजतो आणि आधार सुटलेला वरचा खडक खाली येतो. घडवणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. झिरपणारे पाणी बाहेर काढण्यासाठी त्यांनी खडकात चर खोदला आणि त्याच्या तोंडाशी पाच फण्यांचा नाग कोरला.

दुरुस्ती झाली का?

चैत्यगृहातील पडलेले अनेक खांब सिमेंटने नव्याने उभारले आहेत. त्यामुळे सभागृहाचा आकार समजतो, पण ते मूळ खांब नव्हेत. मूळ खांबांवर आणि भिंतींवर नंतरच्या काळातील चित्रांचे अवशेष आहेत.

पूर्ववत करणे शक्य आहे?

नाही. गेलेले कोरीवकाम नव्याने कोरले, तर ते आजच्या कारागिराचे काम ठरेल. उरले आहे ते टिकवणे मात्र शक्य आहे. माथ्यावरचे पाणी वळवणे, भेगा बुजवणे, सुटे खडक बांधून घेणे आणि चित्रांखालचा गिलावा पक्का करणे, हे त्याचे मार्ग. यातले पहिले काम चुकले, तर बाकीची टिकत नाहीत.

जाताना काय काळजी घ्यावी?

लेण्यांसाठी पायऱ्या उतरून दरीत जावे लागते. पावसाळ्यात वाट निसरडी होते. खांबांना टेकू नये, चित्रांना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये. सुटलेल्या कड्याखाली थांबणे टाळावे.