मोडली काठी, जोडली काठी

'दुरुस्त' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत दुरुस्त म्हणजे बरोबर, योग्य. मराठीत दुरुस्ती म्हणजे बिघडलेली वस्तू पुन्हा योग्य करणे. घड्याळाची, सायकलची दुरुस्ती आपण नेहमी पाहतो. आज आपण मासे पकडण्याच्या काठीची दुरुस्ती समजून घेऊ.

कोकणात खाडीच्या काठी, पुलावर किंवा धक्क्यावर गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. गळाला तिकडे 'गरी' म्हणतात आणि गळाने मासे पकडण्याला 'गरवणे' म्हणतात. काहींना हा छंद असतो. काहींच्या घरी मात्र संध्याकाळचे कालवण या काठीवरच अवलंबून असते. अशा घरात काठी मोडली, तर नुकसान केवळ काठीचे नसते.

काठी का मोडते? मासा ओढ घेतो, तेव्हा काठी वाकते. वाकलेल्या काठीची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. बांबूमध्ये लांबच लांब, चिवट तंतू असतात. सालीजवळ ते जास्त दाट असतात, म्हणून बांबू वाकतो, पण सहसा मोडत नाही. परंतु काठी ओली ठेवली, किडीने पोखरली किंवा दारात चिरडली, तर हे तंतू कमकुवत होतात. मग एखाद्या झटक्यातच ती मोडते.

दुरुस्तीपूर्वी काठी नीट तपासावी. ती उजेडात धरून हळूच वाकवावी. एकाच जागी मोडली असेल, तर ती जोडता येते. अनेक पेरांवर उभ्या चिरा असतील किंवा बारीक छिद्रांतून भुकटी गळत असेल, तर मात्र नवी काठी घ्यावी. कुठे थांबावे हे कळणे, हाही कारागिरीचा भाग आहे.

आता साहित्य पाहू. धारदार चाकू, पॉलिश पेपर, मजबूत बारीक दोरा, व्हार्निश आणि दोन नळ्यांत मिळणारा गोंद एवढे साहित्य पुरते. चाकूचे काम घरातील मोठ्या माणसासमोरच करावे.

प्रथम काठी गोड्या पाण्याने धुवावी. खाऱ्या पाण्यातील मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते आणि ओल्या बांबूवर गोंद नीट बसत नाही. धुतलेली काठी दोन-तीन दिवस सावलीत वाळवावी.

मग मोडलेली टोके कापावीत. येथेच खरी युक्ती आहे. टोके आडवी कापून एकमेकांना चिकटवली, तर सांधा लगेच सुटतो, कारण गोंदाला जागाच मिळत नाही. म्हणून काप तिरका घ्यावा. काठी १ सेंटिमीटर जाड असेल, तर काप सुमारे १० सेंटिमीटर लांब असावा. त्यामुळे गोंद लावण्याची जागा जवळजवळ दहापट होते आणि ताण लांबवर पसरतो. दोन्ही काप एकमेकांवर सपाट बसले पाहिजेत. मध्ये फट दिसली, तर पॉलिश पेपरने घासावे. काठी थोडी आखूड होईल, पण मजबूत होईल. काठी त्या जागी पोकळ असेल, तर आत घट्ट बसेल अशी बांबूची काडी गोंद लावून घालावी.

दोन्ही नळ्यांतील गोंद वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावा. दोन्ही कापांवर त्याचा पातळ थर द्यावा. तुकडे जुळवून दोऱ्याने तात्पुरते बांधावेत. फार आवळू नये, नाहीतर सगळा गोंद बाहेर येईल. मग काठी एक दिवस हलवू नये. येथे घाई करणाऱ्याची मेहनत वाया जाते.

दुसऱ्या दिवशी तात्पुरता दोरा काढून पक्का दोरा गुंडाळावा. दोऱ्याचे टोक काठीवर आडवे न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवावे आणि त्यावरूनच वेढे घ्यावेत, म्हणजे टोक आपोआप दाबले जाते. वेढे एकमेकांना चिकटून असावेत आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना २-२ सेंटिमीटर पुढे जावेत. शेवटचे आठ-दहा वेढे घेताना त्यांच्याखाली दुसऱ्या दोऱ्याचा फास ठेवावा. मुख्य दोऱ्याचे टोक त्या फासात घालून फास ओढला, की टोक वेढ्यांखाली जाते. गाठ मारावी लागत नाही. काठी वाकताना सांध्याची पातळ टोके वर उचलू पाहतात. हे वेढे त्यांना दाबून धरतात. शेवटी व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा द्यावा.

काठीला तंगूस ओवण्याच्या कड्या असतील, तर त्याही तपासाव्यात. कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. जेथे कापूस अडकेल, तेथे खाच आहे असे समजावे. ही खाच तंगूस कापते, म्हणून ती कडी बदलावी.

काठी नव्याने वापरण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. दोऱ्याला पाव किलो वजन बांधून ते हळूहळू उचलावे. सांध्यातून कुरकुर ऐकू आली नाही, तर काम पक्के झाले.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. विजेच्या तारांखाली काठी कधीही उभी धरू नका. कार्बनच्या काठीतून आणि ओल्या बांबूतूनही वीज वाहू शकते. तसेच तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नका. तो लवकर कुजत नाही. पक्षी आणि कासवे त्यात अडकून मरतात.

नवी वस्तू पैशाने मिळते. जुनी वस्तू पुन्हा उभी करण्यासाठी मात्र डोळा, हात आणि धीर लागतो. हे तिन्ही ज्याच्याजवळ आहेत, तो सहसा अडून बसत नाही.