फुंकर मार, चालू होईल!

नव्वदच्या दशकातली बोरिवलीची चाळ असो की मुलुंडची सोसायटी, मे महिन्याच्या सुट्टीत एक दृश्य हमखास दिसायचं. टीव्हीवर चित्रांचा नुसता काला, गेमची कॅसेट बाहेर काढलेली, आणि कुणीतरी ती माउथऑर्गनसारखी तोंडाशी धरून फुंकर मारतंय. कॅसेट परत आत, बटण दाबलं, आणि ‘कॉन्ट्रा’ सुरू.

श्रेय मात्र फुंकरीचं नव्हतंच. कॅसेट काढून पुन्हा घातली की तिच्या पट्ट्या सॉकेटच्या पिनांवर घासायच्या आणि तुटलेला संपर्क जुळायचा, एवढंच. उलट तोंडातल्या वाफेने पट्ट्या गंजायला मदत व्हायची. आपल्याकडचे ‘टीव्ही गेम’ बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. अमेरिकेत विकलेल्या त्याच्या भावंडात मात्र एक पहारेकरी चिप असे. संपर्क बिघडला की ती यंत्राला सतत रिसेट करी आणि पडदा लुकलुकत राही. तिकडच्या हौशी लोकांनी त्या चिपची चौथी पिनच कापून टाकली! आपल्या नकलांत पहारेकरीच नव्हता. म्हणून लुकलुक नाही, थेट काला.

हाच आजार घरच्या संगणकालाही होतो. जुलैत उपनगरातल्या घरांमध्ये मीठ ओलं होतं, बिस्किटं सादळतात. मग कोपऱ्यातला डबाच कोरडा कसा राहील? पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच, वर लांब लांब बीप. संशयित नंबर एक : रॅम.

त्यावरचं औषध शाळेच्या दप्तरात असतं. वायर भिंतीतून काढायची, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून डब्याच्या उघड्या धातूला हात लावायचा, दोन्ही कडांच्या चिमट्या उघडून रॅमची पट्टी उपसायची. तिच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर पेन्सिलीचं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं. शाईचं खरखरीत रबर नको, सोन्याचा थर अगदी पातळ असतो. चुरा ब्रशने झटकून, खाच जुळवून पट्टी दाबली की चिमट्या ‘टक्’ करून मिटतात. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

संगणक दरवेळी जुनीच तारीख दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर२०३२ हे त्याचं नावच मापाचं आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळंही उघडत नाहीत, आणि घरचे बिचारे इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

पॉवरचं बटणच मेलं असेल, तर दुरुस्तीवाले त्याच्या वायरी जिथे जोडतात त्या दोन पिनांना क्षणभर स्क्रूड्रायव्हर टेकवतात. बटणही तेवढंच करतं. पिना मात्र त्याच हव्यात. मदरबोर्डचं पुस्तक पाहिल्याशिवाय हा प्रयोग नको.

चालू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत डिलीट किंवा एफ२ दाबलं की सेटिंग उघडतं. पुष्कळ यंत्रांत एफ१२ दाबलं की पेनड्राइव्हवरून सुरू करायचा पर्याय मिळतो. नेमक्या वेळी नेमकी बटणं दाबायची ही कला त्या सुट्टीतल्या पोरांना नवी नाही. वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए : ‘कॉन्ट्रा’त ३० जीव देणारा हा मंत्र मुळात १९८६ च्या ‘ग्रेडियस’साठी काझुहिसा हाशिमोतो यांनी घातला होता. स्वतः बनवलेला गेम तपासताना त्यांनाच तो फार कठीण जात होता.

खोडरबरानेही भागलं नाही, तर पट्टी खिशात घालून ग्रँट रोडची लोकल. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ती दुसऱ्या मदरबोर्डवर लावून बघतात, आणि खोट पट्टीत आहे की घरच्या डब्यात, ते तिथेच कळतं.