यकृताच्या गाठीचा माग

यकृताच्या आत वेदना कळत नाहीत. दुखते ते त्याच्यावरचे पातळ आवरण, आणि ते ताणले जाईपर्यंत आतली गाठ बरीच वाढलेली असते. म्हणून शिरूर-दौंडकडचा माणूस बहुधा पोटात पाणी झाल्यावर किंवा डोळे पिवळे पडल्यावरच मोठ्या दवाखान्याची पायरी चढतो. त्याआधी काविळीची माळ घालून झालेली असते, नाकात गावठी औषधाचे थेंब टाकून झालेले असतात. ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते; यश माळेच्या नावावर जमा होते. गाठीमुळे आलेली कावीळ उतरत नाही आणि मोलाचा काळ निघून जातो.

ही कर्करोगाची गाठ निरोगी यकृतात सहसा धरत नाही. आधी वर्षानुवर्षे इजा होत राहते: हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेह आणि वाढत्या वजनाबरोबर यकृतात साठणारी चरबी. ओलीत साठवलेल्या मक्यावर, शेंगदाण्यांवर येणाऱ्या बुरशीचे अफलाटॉक्सिन हे विषही त्यातलेच. इजा झाली की यकृत नव्या पेशी घडवते, पण सोबत व्रण राहतो. व्रणांचे जाळे होऊन यकृत कडक आणि गाठाळ बनले की तो सिरॉसिस. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसालाही तो होतो. हे ठासून सांगायला हवे, कारण ‘पीत असणार’ या कुजबुजीच्या भीतीने घरे दुखणे लपवतात.

यकृताच्या नव्या पेशी विभाजनातूनच घडतात. पेशी दर विभाजनात आपल्या गुणसूत्रांची टोके थोडी झिजवते आणि एका मर्यादेला थांबते. यकृताच्या निम्म्याहून अधिक कर्करोगांत, ही टोके पुन्हा बांधणारे आणि एरवी बंद असलेले टर्ट नावाचे जनुक चालू झालेले आढळते. मग विभाजनाला अटकाव राहत नाही. बी विषाणू तर स्वतःच्या डीएनएचा तुकडा थेट पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. त्यामुळे त्याच्या रुग्णाला सिरॉसिसआधीही कर्करोग होऊ शकतो.

सिरॉसिस असलेल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, ती गाठ लहान असतानाच सापडावी यासाठी. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची तपासणी असाच समज आहे, पण तेच यंत्र यकृतातली सेंटिमीटरभराची गाठ दाखवू शकते. सोबत रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन पाहतात. गर्भाच्या यकृतात तयार होणारे हे प्रथिन जन्मानंतर जवळजवळ नाहीसे होते. यकृताच्या कर्करोगात ते पुन्हा दिसते, हे मॉस्कोत अबेलेव्ह यांनी 1963 मध्ये उंदरांत दाखवले. लहान गाठीत ते बरेचदा वाढतच नाही, म्हणून केवळ रक्त तपासून भागत नाही.

गाठ दिसली तरी ती कर्करोगाचीच कशावरून? इथे रक्तपुरवठ्याची गोष्ट येते, आणि निदानापासून उपचारापर्यंत पुढचे बरेचसे तिच्यावरच उभे आहे. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येते, उरलेले धमनीतून. दौंडमधल्या उसाच्या रानाला खडकवासल्याचा कालवा आणि विहीर अशी दोन पाणी असावीत, तसे हे. गाठ मात्र वाढताना आपल्यासाठी नव्या वाहिन्या काढते आणि त्या जवळजवळ सगळ्या विहिरीला, म्हणजे धमनीला जोडते.

सीटी स्कॅनच्या वेळी हाताच्या शिरेत रंगद्रव्य सोडतात. अर्ध्या मिनिटात ते धमनीतून यकृतात पोहोचते, तेव्हा गाठ उजळते. मिनिटभराने पोर्टल शिरेतून आलेले द्रव्य सगळ्या यकृतात भरते. तोवर गाठीतले ओसरू लागलेले असते आणि ती आसपासपेक्षा काळी दिसते. सिरॉसिसच्या रुग्णात ही खूण स्पष्ट असेल तर सुई घालून तुकडा काढण्याची गरज बहुधा पडत नाही.

गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर सुईवाटे उष्णता देऊन ती जाळता येते. उरणारे यकृत धड असेल तर शस्त्रक्रियेने काढता येते. गाठी बऱ्याच असतील पण यकृताबाहेर गेल्या नसतील, तर मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून बारीक नळी थेट गाठीच्या वाहिनीपर्यंत नेतात, तिथे औषध सोडतात आणि वाहिनी बुजवतात. विहिरीची जोडणी तोडली तरी रान कालव्यावर जगते; गाठ उपाशी पडते. पोर्टल शीरच गाठीने बंद केली असेल तर मात्र हा उपाय जोखमीचा होतो.

प्रत्यारोपणात गाठ आणि तिला पोसणारे बिघडलेले यकृत दोन्ही जाते. कोणाला ते उपयोगी पडेल याची मोजपट्टी मिलानच्या माझाफेरो यांनी 1996 मध्ये दिली: पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन. नातलग यकृताचा भाग देऊ शकतो आणि दोघांचेही यकृत पुन्हा वाढते. रोग पसरला असेल तेव्हा 2020 पासून अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी वापरतात. पहिले औषध रोगप्रतिकारक पेशींवरचा लगाम सैल करते, दुसरे गाठीला नव्या वाहिन्या काढू देत नाही. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून आधी दुर्बिणीने अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहून घेतात.

बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत हिपॅटायटिस बीची लस द्यायची असते, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंटमधून. ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही बनवते. तैवानने 1984 मध्ये बाळांना ती सुरू केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. ज्यांना आधीच लागण झाली आहे, त्यांच्यासाठी 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. सी विषाणू बहुतेकांत 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो; बी दबून राहतो. पण सिरॉसिस झालेला असेल तर सी गेल्यावरही सहामाही सोनोग्राफी सोडायची नाही, आणि बीच्या रुग्णाने ती किती वर्षे करायची हे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचे, कारण पेशीच्या गुणसूत्रात शिरलेला विषाणूचा तुकडा गोळ्यांनी निघत नाही.