किलोमीटरला किती? वीजवाहिनी आणि उपकेंद्राच्या खर्चाबद्दलचे गैरसमज

नवी अतिउच्चदाब वाहिनी मंजूर झाल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किलोमीटरला किती पडले? मग कुणीतरी एकूण रकमेला लांबीने भागतो, शेजारच्या जिल्ह्यातल्या वाहिनीचा आकडा शोधून काढतो आणि दोहोंतला फरक पाहून निष्कर्षही काढून मोकळा होतो. खर्चाची चौकशी व्हायलाच हवी. हा पैसा शेवटी वीजबिलातून तुमच्याआमच्याच खिशातून जातो. पण भागाकारातून मिळालेल्या त्या एका आकड्याने फारसे काही कळत नाही आणि खरी गफलत असेल तर ती त्याच आकड्याआड लपून राहते.

समजा, २२० केव्हीची ५० किलोमीटर लांबीची दुहेरी वाहिनी टाकायची आहे. हे उदाहरण समोर ठेवून एकेक समज तपासू.

गैरसमज : दर ठरलेला असतो, लांबीने गुणले की झाले अंदाजपत्रक

असा दर असतो, हे खरे. वीज कंपन्या वेळोवेळी आपला ‘कॉस्ट डेटा’ तयार करतात. कोणत्या दाबाच्या, कोणत्या तारेच्या वाहिनीला किलोमीटरमागे साधारण किती लागतात, हे त्यात दिलेले असते. योजना आखताना, दोन पर्यायांची तुलना करताना तो उपयोगी पडतो. गैरसमज पुढच्या टप्प्यावर होतो. नियोजनासाठीचा तो दर प्रत्यक्ष कामाचा खर्च मानला जातो.

प्रत्यक्ष खर्च ठरतो जमिनीवर. २२० केव्हीच्या वाहिनीत दोन टॉवरमधला गाळा साधारण ३५० मीटरचा असतो. म्हणजे ५० किलोमीटरला १४३ च्या आसपास टॉवर. पण ते सगळे सारखे नसतात. वाहिनी सरळ जाते तिथे ‘ए’ टाइपचा टॉवर चालतो. तो तारांचे वजन आणि वाऱ्याचा जोर पेलतो. वाहिनीला वळण आले की तारांची ओढ टॉवरवर येते. १५ अंशांपर्यंत ‘बी’, ३० पर्यंत ‘सी’, त्याहून मोठ्या वळणाला ६० अंशांपर्यंत आणि वाहिनीच्या टोकाला ‘डी’. ‘ए’ पेक्षा ‘डी’ला पोलाद कितीतरी जास्त लागते आणि त्याचा पायाही दांडगा असतो. त्यामुळे उघड्या माळावरून सरळ गेलेले ५० किलोमीटर आणि गावे, विहिरी, द्राक्षबागा चुकवत गेलेले ५० किलोमीटर यांची लांबी एक असली, तरी खर्च एक नसतो.

त्यात मातीची भर. पायाचे प्रकारच वेगवेगळे आहेत : कोरड्या जमिनीचा, ओल्या जमिनीचा, अंशतः किंवा पूर्ण पाण्याखालचा, काळ्या मातीचा, भेगाळ खडकाचा, कठीण खडकाचा. मराठवाडा-विदर्भातली काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात रोवलेल्या पायाला हे दरवर्षीचे फुगणे-आकसणे सोसावे लागते, म्हणून तिथला पाया मोठा. घाटमाथ्यावर कातळ लवकर लागतो. तिथे काँक्रीट कमी पुरते, पण खोदाई महाग आणि संथ. कोकणात भातखाचरांतून जाताना खड्ड्यात पाणी भरते, ते उपसत काम करावे लागते. नदी ओलांडताना तर एखाद-दुसरा उंच टॉवर आणि त्याचा खोल पाया एवढ्यानेच आजूबाजूच्या कित्येक टॉवरांइतका पैसा खातो. रेल्वे किंवा जुनी वाहिनी ओलांडायची असेल तर उंची वाढते, परवानगी लागते आणि ‘शटडाउन’ मिळेपर्यंत कामगारांची टोळी बसून राहते.

हे सगळे टेबलावर बसून कळत नाही. मार्गावरून पायी फिरून, जागोजागी चाचणीचे खड्डे घेऊन ‘टॉवर शेड्यूल’ तयार होते. कुठे कोणता टॉवर, कोणता पाया, किती उंची, याची ती यादी. माझ्या मते अंदाजपत्रकाचा खरा पुरावा हीच यादी आहे. ती नसेल, तर पुढचे सगळे आकडे कितीही नीट मांडलेले असोत, ते अटकळच आहेत.

एक छोटा घोळ इथेच निस्तरू. बातम्यांत कधी ‘मार्ग किलोमीटर’ असतात, कधी ‘सर्किट किलोमीटर’. आपली दुहेरी वाहिनी मार्गाने ५० किलोमीटर असली, तरी सर्किटच्या हिशेबाने ती १०० भरते. टॉवर आणि मार्ग दोन्ही सर्किटांना एकच असल्याने दुहेरी वाहिनीचा खर्च एकेरीच्या दुप्पट होत नाही. एका वाहिनीचा आकडा मार्गावर आणि दुसरीचा सर्किटवर काढून तुलना केली, की नसलेला घोटाळा दिसतो किंवा असलेला नजरेआड होतो.

गैरसमज : मंजूर रकमेपेक्षा खर्च वाढला, म्हणजे पैसे खाल्ले

वाढ दोन प्रकारची असते. ती वेगवेगळी करून पाहायला हवी.

दुहेरी वाहिनीत सहा तारा. ५० किलोमीटरला ३०० किलोमीटर तार, वर झोळासाठी आणि कापण्या-जोडण्यासाठी थोडी जास्त. २२० केव्हीला बहुधा ‘झेब्रा’ वापरतात. या तारांना प्राण्यांची नावे आहेत : १३२ ला ‘पँथर’, ४०० ला ‘मूस’. झेब्राच्या एका किलोमीटरचे वजन सुमारे १,६२० किलो, त्यात अ‍ॅल्युमिनियम जवळपास १,१८० किलो. म्हणजे आपल्या वाहिनीत साडेतीनशे टन अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याचा भाव टनामागे दहा हजार रुपयांनी वाढला तर केवळ तारेत ३५ लाखांची वाढ होते. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये जागतिक बाजारात अ‍ॅल्युमिनियम टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास होते आणि मार्च २०२२ मध्ये ते चार हजार डॉलरच्या घरात पोहोचले. या दोन तारखांच्या मध्ये ज्यांचे अंदाजपत्रक आणि निविदा अडकली, त्यांचे काय झाले असेल याचा अंदाज करा.

म्हणून करारात भावफरकाचे सूत्र असते. इलेक्ट्रिकल उद्योगाची ‘आयीमा’ ही संघटना धातूंचे भाव नियमित प्रसिद्ध करते आणि त्यांवरून देणे वाढते किंवा घटतेही. ट्रान्सफॉर्मरच्या सूत्रात तांबे, गाभ्याचे खास पोलाद, तेल, मजुरी असे प्रत्येकाचे वजन ठरलेले असते. ही वाढ कागदावर तपासता येते.

दुसरी वाढ मापाची. ‘ए’ टाइपचे वीस टॉवर ‘सी’ आणि ‘डी’ झाले, कोरड्या जमिनीचे पाये ऐनवेळी ओल्या जमिनीचे निघाले. यातले थोडेफार कोणत्याही कामात होते. पण माप फार वाढले असेल, तर एकतर सर्वेक्षण नीट झाले नव्हते किंवा मंजुरीसाठी आकडा मुद्दाम लहान ठेवला होता. जाब विचारायचा तो इथे.

गैरसमज : टॉवरच्या चार पायांपुरतीच जमीन लागते आणि ती सरकार घेऊन टाकते

यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही शेतकऱ्याच्या मुळावर येणाऱ्या.

पहिली : वाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६४ नुसार वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देता येतात. त्यानुसार त्याला फक्त वापराचा हक्क मिळतो. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते. (उपकेंद्राची जमीन मात्र विकत किंवा संपादन करूनच घ्यावी लागते.)

दुसरी चूक मोठी आहे. नुकसान टॉवरच्या पायापुरते नसते. तारांखालच्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, उंच झाडे वाढवता येत नाहीत. २२० केव्हीसाठी हा पट्टा सर्वसाधारणपणे ३५ मीटर रुंद धरतात, ४०० साठी ४६. ३५ मीटरने गुणले तर एका किलोमीटरला साडेतीन हेक्टर, म्हणजे साडेआठ एकरांहून जास्त जमीन.

केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत मोबदला होता. जून २०२४ मध्ये ते सुधारले : टॉवरखाली २०० टक्के, पट्ट्याला ३० टक्के. राज्ये यावरून आपापले धोरण ठरवतात. पिके आणि झाडे यांचे पैसे वेगळे.

आता हिशेब करू. जमीन एकरी २० लाखांची धरली, तर पट्ट्याचा मोबदला किलोमीटरला १५ टक्क्यांनी सुमारे २६ लाख, ३० टक्क्यांनी ५२ लाख. टॉवरखालची जागा १० मीटर बाय १० मीटर धरली तर २०० टक्क्यांनी एका टॉवरला जेमतेम एक लाख, आणि किलोमीटरला असे तीनच टॉवर. म्हणजे सगळी चर्चा टॉवरच्या मोबदल्याची होते आणि खरी रक्कम पट्ट्यात असते. ज्याच्या शेतात टॉवर नाही, फक्त वरून तारा जातात, त्या शेतकऱ्याने तर हे नक्कीच समजून घ्यावे. त्याचाही हक्क आहे.

अंदाजपत्रक आकर्षक दिसावे म्हणून हा आकडा दाबला, तर काय होते? ५० पैकी ४७ किलोमीटर पूर्ण होतात आणि तीन किलोमीटर मोबदल्याच्या वादात अडकतात. ४७ किलोमीटर वाहिनी ९४ टक्के वीज नेत नाही, अजिबात नेत नाही. व्याज मात्र सगळ्या कर्जावर चालू राहते. १०० कोटींच्या प्रकल्पात ७० कोटी कर्ज आणि वार्षिक दहा टक्के व्याज धरले, तर महिन्याला ५८ लाख. बांधकाम काळातले हे व्याज प्रकल्पाच्या किमतीतच मिसळते. शेतकऱ्याचे पैसे वेळेवर आणि पुरते न दिल्याची किंमत अशी सावकाराच्या खात्यात जमा होते. मला या साऱ्या विषयात सर्वाधिक चीड आणणारी गोष्ट हीच आहे.

गैरसमज : उपकेंद्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बाकी किरकोळ

ट्रान्सफॉर्मर ही सर्वांत महाग एकटी वस्तू असते, पण त्याच्याभोवती बरेच काही असते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहिनीला आणि प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला स्वतंत्र ‘बे’ लागतो : ब्रेकर, आयसोलेटर, सीटी, सीव्हीटी, लाइटनिंग अरेस्टर, त्यांचे रिले, केबल आणि पाये. जमिनीखाली अर्थिंगची जाळी. चढउतार असलेली जागा मिळाली तर सपाटीकरण आणि संरक्षक भिंतीतच मोठी रक्कम जाते. फुकट मिळालेली खडकाळ जागा विकतच्या सपाट जागेहून महाग पडू शकते.

सर्वांत जास्त विसरला जाणारा खर्च पलीकडच्या टोकाचा. नवी वाहिनी जुन्या उपकेंद्राला जोडायची, तर तिथे नवा बे लागतो. बेला जागा नसेल तर पुढचे सगळे अडते.

जागेचे गणित शहरात उलटे होते. ४०० केव्हीच्या खुल्या उपकेंद्राला पन्नास एकर सहज लागतात. विक्रोळीचे ४०० केव्ही उपकेंद्र, जे ऑक्टोबर २०२३ मध्ये कार्यान्वित झाले, ते सुमारे साडेनऊ हजार चौरस मीटरवर, म्हणजे अडीच एकरांहून कमी जागेत बसले आहे. तिथली उपकरणे वायूने विद्युतरोधन केलेली, एकावर एक रचलेली आहेत. ही उपकरणे खुल्या उपकरणांपेक्षा बरीच महाग. पण मुंबईत पन्नास एकर आणायचे कुठून?

गैरसमज : तारा जमिनीखालून नेल्या की सगळे प्रश्न मिटतात

शहरात थोड्या अंतरासाठी तसे करतातच. लांब पल्ल्याला खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि केवळ केबल महाग म्हणून नव्हे. केबल काही शे मीटरच्या तुकड्यांत येते आणि प्रत्येक जोड हा नाजूक भाग असतो. उच्चदाबाची केबल स्वतःच भरपूर चार्जिंग करंट ओढते, त्यासाठी रिअ‍ॅक्टर बसवावे लागतात. वरच्या तारेतला बिघाड काही तासांत दुरुस्त होतो. केबलचा शोधण्या-खोदण्या-जोडण्यात कित्येक दिवस खातो.

पक्षी वाचवण्यासाठीही हाच उपाय सुचवला जातो. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे माळढोक पक्षी आपल्याला परका नाही. राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या प्रदेशातल्या वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानेच तो सरसकट आदेश मागे घेतला आणि कुठे काय शक्य आहे हे पाहण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. पक्षी वाचलाच पाहिजे. त्यासाठी कुठे केबल, कुठे मार्गबदल, कुठे तारांवर पक्ष्यांना दिसणाऱ्या खुणा, हे जागेगणिक ठरवावे लागते.

गैरसमज : सर्वांत स्वस्त ते सर्वांत किफायतशीर

झेब्राच्या एका सर्किटमधून १०० मेगावॅट नेले, तर किलोमीटरला सुमारे १४ किलोवॅट उष्णतेत जातात. ५० किलोमीटरला ७०० किलोवॅट. त्याच सर्किटमधून २०० मेगावॅट नेले तर नुकसान दुप्पट नाही, चौपट होते. वाहिनीचे आयुष्य नियामक ३५ वर्षे धरतात, उपकेंद्राचे २५. एवढ्या वर्षांची वाया जाणारी वीज बांधणीच्या खर्चाशेजारी मांडली, की जाड तार किंवा दुसरे सर्किट पुष्कळदा स्वस्त ठरते. ट्रान्सफॉर्मरच्या निविदेत म्हणूनच त्याच्या नुकसानीची रुपयांत किंमत काढून ती बोलीत मिळवतात आणि मग सर्वांत कमी कोण ते ठरवतात.

हे सारे तपासण्याचा अधिकार तुम्हाला आहे. विद्युत अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे दरनिश्चितीचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच वीज नियामक आयोगाला आदेश काढता येतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाची पुढची सुनावणी जाहीर होईल तेव्हा हरकत लिहा. किलोमीटरला किती, एवढेच विचारून थांबू नका. दर कोणत्या तारखेचे, टॉवर शेड्यूल सर्वेक्षणानंतरचे आहे का, पलीकडचा बे धरला आहे का, पट्ट्याच्या मोबदल्याला किती ठेवले आहेत, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा.