आधी बसणं, मग चालणं

"बाबा चालायला लागले का?" साताऱ्याला बाबांना पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर म्युनिकहून व्हिडिओ कॉलवर माझा रोजचा हाच प्रश्न. आईचं उत्तरही ठरलेलं, "अरे, आज दहा मिनिटं बसले होते." मला वाटायचं, महिना झाला आणि अजून नुसतं बसणंच?

घरी येणारी फिजिओथेरपिस्ट त्यांना पलंगाच्या कडेला बसवून सावकाश मोठे श्वास घ्यायला लावायची. "तिला सांग, हातापायांचे व्यायाम घे," असं मी आईला सुनावलंसुद्धा. इथे आमच्या शेजारी एक फिजिओथेरपिस्ट बाई राहतात. त्यांच्याकडे तक्रार केली, तर म्हणाल्या, "ती बरोबर करतेय. धड स्थिर नसेल तर हात कशाच्या जोरावर उचलणार?"

मग थोडं वाचलं. झटक्यात फक्त हातपाय लुळे पडत नाहीत, पाठीपोटाचे स्नायूही दुबळे होतात. माणूस एका बाजूला कलतो, पोक काढून बसतो. त्यामुळे छाती नीट फुलत नाही, श्वासपटलाला खाली सरकायला जागा मिळत नाही. शिवाय हेच श्वासपटल धड सावरायलाही मदत करतं. पोटाचे स्नायू दुबळे म्हणजे खोकलाही दुबळा. त्यात गिळायला त्रास असेल, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाचा धोका. म्हणजे सरळ बसण्यात फुप्फुसांचीही राखण आहे.

जर्मनीत फिजिओथेरपीच्या चिठ्ठीवर 'बोबाथ' हे नाव बऱ्याचदा दिसतं. बर्टा आणि कारेल बोबाथ हे मूळचे बर्लिनचे. नाझी राजवटीमुळे दोघांना देश सोडावा लागला आणि ते लंडनला स्थायिक झाले. तेव्हा चांगल्या बाजूवरच काम भागवायला शिकवायची रीत होती. व्यायामशिक्षिका असलेल्या बर्टाने १९४० च्या दशकात दुबळ्या बाजूवरच काम सुरू केलं. तिची पद्धत इतरांपेक्षा सरस आहे असं आजचं संशोधन म्हणत नाही. पण धडाचे व्यायाम हवेतच, यावर फारसं दुमत नाही.

आता माझे प्रश्न बदललेत. आधाराशिवाय किती वेळ बसले? पाय जमिनीला टेकले होते ना? जेवताना ठसका लागला का? लागत असेल किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, हे आईला बजावलंय.

परवा फोनवर बाबाच बोलले, एका दमात, मध्ये न थांबता, "पंधरा मिनिटं बसलो. तू जेवलास का?"